शीट क्रमांक १०२६

आर्किटेक्चरच्या कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं: शीट भरलेलं दिसलं पाहिजे. प्लॅनभोवती झाडं, एलेव्हेशनसमोर माणसं, दोन गाड्या, कोपऱ्यात उत्तर दिशेचा नक्षीदार बाण, आणि तरीही आभाळ ओकंबोकं वाटलं तर चार पक्षी. रिकामी जागा दिसली की ज्युरीला काम अपुरं वाटेल, ही धास्ती सीनिअरांकडून ज्युनिअरांकडे वारसाहक्काने येते. या धास्तीला सणसणीत उत्तर दिलं ते एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने, १९८१ साली, वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या स्पर्धेत. स्मारक आज जगप्रसिद्ध आहे. त्यामागचे किस्से मात्र ड्रॉइंग बोर्डाशी झटणाऱ्या प्रत्येकाने ऐकावेत असे आहेत.

तिसऱ्या महायुद्धाचं स्मारक

माया लिन ओहायो राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात वाढली. आईवडील दोघेही चीनमधून आलेले. वडील मातीकामातले कलावंत, आई कवयित्री आणि साहित्याची प्राध्यापिका. येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षी तिने एक वेगळाच विषय घेतला होता: थडगी, दफनभूमी, स्मारकं, थोडक्यात मृत्यूशी नातं असलेल्या वास्तू. शिकवायला अँड्रस बर.

या वर्गात एक असाइनमेंट होती, तिसऱ्या महायुद्धाचं स्मारक करायचं. लिनने जमिनीखाली उतरणारी, मुद्दामच निष्फळ आणि कोंडी करणारी एक थडग्यासारखी रचना केली. सर वैतागले. माझा भाऊ त्या युद्धात गेला असता तर मी या जागी पाऊल ठेवलं नसतं, असं त्यांनी सुनावलं. लिन बुचकळ्यात पडली. तिचा हिशोब सरळ होता: तिसरं महायुद्ध झालंच तर स्मारक बघायला मागे राहणार कोण? पण तो टोमणा बहुधा आत कुठेतरी मुरला. पुढच्या स्मारकातही ती जमिनीत उतरली, फक्त या वेळी माणसाला पुन्हा वर येण्याची वाट ठेवून.

बटाट्याचं मॉडेल

पुढची असाइनमेंट विद्यार्थ्यांनीच शोधून आणली. व्हिएतनाममध्ये लढलेला एक साधा पायदळ सैनिक, जॅन स्क्रग्ज, याने पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या संस्थेने खुली स्पर्धा जाहीर केली होती. अटी मोजक्या होत्या. स्मारक अंतर्मुख करणारं हवं, परिसराशी सुसंगत हवं, युद्धाबद्दल कोणतंही राजकीय विधान त्यात नको, आणि मृत वा बेपत्ता झालेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर हवंच. वर्गाने हीच स्पर्धा सत्राचा शेवटचा प्रोजेक्ट म्हणून घेतली.

नोव्हेंबर १९८० च्या सुट्टीत लिन साइट बघायला गेली. सपाट हिरवळ, एका बाजूला वॉशिंग्टन स्मारकाचा उंच सुळका, दुसऱ्या बाजूला लिंकन स्मारक. जमीन चिरावी, एक बाजू आत दाबावी आणि उघडी पडलेली कड घासून लख्ख करावी, एवढीच कल्पना तिला तिथे सुचली. येलला परतल्यावर त्या कल्पनेचं पहिलं मॉडेल झालं ते मेसमध्ये, ताटातल्या कुस्करलेल्या बटाट्याचं. सनबोर्ड आणि फेव्हिकॉलच्या आधी जेवणाच्या टेबलावरच डिझाइन ‘फायनल’ केल्याचे किस्से प्रत्येक बॅचकडे असतात. त्यातला हा एक राष्ट्रीय स्मारकापर्यंत पोचला.

नावांचं आकर्षण तिला आधीपासूनच होतं. येलच्या वूल्सी हॉलच्या दालनात युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. ती तिथे शिकत असताना व्हिएतनाममध्ये गेलेल्यांची नावं कोरण्याचं काम चालू होतं, आणि जाता-येता त्या अक्षरांवरून बोटं फिरवण्याचा मोह तिला आवरत नसे. स्थापत्याचा इतिहास शिकवणारे व्हिन्सेंट स्कली यांचं फ्रान्समधल्या थिएप्वाल स्मारकावरचं व्याख्यानही तिने ऐकलं. सोमच्या रणभूमीवर बेपत्ता झालेल्या ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावं मिरवणारं ते स्मारक लट्यन्सचं. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावं कोरणारा वास्तुविशारदही तोच.

शीटवर काय नव्हतं

लिनने पाठवलेली चित्रं मऊ पेस्टलमधली होती. निळसर-हिरवट धूसर पार्श्वभूमी आणि तीत एक काळा कोन. माणसं, झाडांची सजावट, ग्रॅनाइटचे जोड, यातलं काहीच नाही. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशनच्या नेमक्या रेषांची सवय असलेल्या डोळ्यांना हे काम अर्धवट वाटावं असंच होतं. सैनिकांच्या संस्थेतल्यांनी निकालानंतर ते पाहिलं तेव्हा स्क्रग्जला ते एखाद्या मोठ्या वटवाघळासारखं दिसलं.

चित्रात जे मावत नव्हतं ते तिने शब्दांवर सोपवलं. जवळ येणारा माणूस हळूहळू उतरत कसा जाईल, भिंत कशी वाढत जाईल, नावं कशी वाचली जातील, हे सांगणारा एक पानी मजकूर. तिच्याच सांगण्यानुसार डिझाइनपेक्षा या टिपणाला जास्त वेळ लागला. शेवटच्या घडीपर्यंत खाडाखोड चालली आणि अखेर तिने तो थेट बोर्डावर हाताने लिहून काढला. त्यातल्या चुका आजही दिसतात. हे शीट आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेलं आहे.

हँगरमधली ज्युरी

१,४२१ एन्ट्री आल्या. एवढ्या लावायच्या कुठे? अँड्र्यूज हवाई तळावरचं विमानांचं हँगर त्यासाठी मिळालं. ओळीने लावलेल्या बोर्डांची लांबी मैलाहून जास्त भरली. कोणाचंही नाव नाही, फक्त क्रमांक. परीक्षक आठ: पिएत्रो बेलुस्की आणि हॅरी वीझ यांच्यासारखे वास्तुविशारद, गॅरेट एक्बो आणि हिदेओ सासाकी हे लँडस्केपमधले दिग्गज, तीन शिल्पकार आणि संपादक ग्रेडी क्ले. पहिल्या चाळणीत २३२ उरल्या, मग ३९, आणि १ मे १९८१ ला एक: क्रमांक १०२६.

लिनने पुढे सांगितलेली एका परीक्षकाची टिप्पणी मोठी गमतीची आहे. इतकं भाबडं चित्र पाठवण्याचं धाडस करणाऱ्या या ‘गृहस्थाला’ आपण काय करतोय याची पक्की जाण असणार, असा तिचा आशय. समोरची व्यक्ती अजून पदवीधरही नाही, आणि गृहस्थ तर नाहीच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नावाची पट्टी झाकली नसती तर हे शीट पहिल्या चाळणीत टिकलं असतं का, हा प्रश्न आमच्या धंद्यात आजही चघळला जातो.

इकडे येलमध्ये सत्र संपत आलेलं. लिन वर्गात असताना रूममेट निरोप घेऊन आली: वॉशिंग्टनहून फोन आहे, काही प्रश्न विचारायला माणसं येणार आहेत. लिनने तर्क केला की आपला नंबर शंभरावा वगैरे असेल आणि पाण्याचा निचरा कसा होणार, असलं काहीतरी ते विचारतील. खड्ड्यात उतरणारी वास्तू काढणाऱ्या विद्यार्थिनीला ज्युरीत पहिला प्रश्न हाच पडणार, हे तिला सवयीने माहीत होतं. त्याऐवजी तिला २० हजार डॉलरच्या पहिल्या बक्षिसाची बातमी मिळाली.

सहाशे स्मिथ

खरी परीक्षा पुढे होती. नावं वर्णानुक्रमे लावा, म्हणजे शोधायला सोपं जाईल, अशी काही माजी सैनिकांची मागणी होती. लिनला ती कालक्रमाने हवी होती. ज्या दिवशी माणूस पडला त्या दिवसाच्या जागी त्याचं नाव, त्याच्यासोबत पडलेल्यांच्या शेजारी. वाद मिटवला तो यादीनेच. त्यात सहाशेहून अधिक स्मिथ होते आणि जेम्स जोन्स नावाचे सोळा जण. वर्णानुक्रमात ते टेलिफोन डिरेक्टरीच्या नोंदी झाले असते.

इथून पुढे हे काम इमारतीचं कमी आणि ग्राफिकचं जास्त झालं. जवळपास २४७ फुटांच्या दोन भिंती, टोकाला ८ इंच आणि मधल्या कोनाशी सुमारे १० फूट उंच. त्यांवर उद्घाटनाच्या वेळी ५७,९३९ नावं. टाइप हर्मन झाप्फचा ऑप्टिमा, अक्षराची उंची जेमतेम अर्धा इंच. स्मारकावर एवढं बारीक अक्षर कोणी वापरत नसे, पण वाचायला जवळ जावंच लागावं हा हिशोब त्यामागे होता. नावाशेजारी छोटं चिन्ह: मृत्यूची खात्री असेल तर चौकट, बेपत्ता असेल तर क्रॉस. अवशेष सापडले की क्रॉसवरच चौकट कोरली जाते. म्हणजे पुढे करायच्या दुरुस्तीची सोयही ग्राफिकमध्येच करून ठेवलेली.

दगडाचा किस्सा आपल्याकडचा. काळा, आरशासारखा चकाकणारा ग्रॅनाइट मिळवताना कॅनडा आणि स्वीडन बाद झाले, कारण युद्धावर जायचं टाळणाऱ्या अनेक अमेरिकन तरुणांनी तिथेच आसरा घेतला होता. शेवटी दगड आला बंगळूरजवळच्या खाणीतून, कापला गेला व्हरमाँटमध्ये, आणि नावं कोरली गेली टेनेसीतल्या मेम्फिस शहरात.

विरोधही कडवा झाला. ‘लाजेचा काळा व्रण’ ही शिवी त्याच काळातली. स्पर्धेसाठी पैसा देणारे अब्जाधीश रॉस पेरो विरोधकांत सामील झाले. अंतर्गत कारभाराचे मंत्री जेम्स वॉट यांनी परवानगी अडवली. तडजोड म्हणून झेंडा आणि तीन सैनिकांचा पुतळा मान्य झाला. शिल्पकार फ्रेडरिक हार्ट, जे याच स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या गटात होते. पुतळा भिंतींच्या ऐन कोनात बसवायचा घाट होता. तो ललित कला आयोगाने ऑक्टोबर १९८२ मध्ये बाजूला झाडांजवळ हलवला. १३ नोव्हेंबर १९८२ च्या लोकार्पण सोहळ्यात डिझाइन करणाऱ्या मुलीचं नाव कोणी घेतलं नाही.

आणि मार्क?

या प्रोजेक्टला वर्गात ‘ए’ मिळाला नाही. बर यांनी स्वतःही स्पर्धेत एन्ट्री पाठवली होती आणि ती हरली. विद्यार्थ्यांना हा किस्सा इथेच संपवायला आवडतो, सरांची जिरली म्हणून. पण मूळ आराखड्यात नावं डावीकडून उजवीकडे सरळ जात होती. त्यात मधल्या कोनाला काही अर्थच उरत नाही, हा आक्षेप वर्गातल्या चर्चेत आला. मग लिनने क्रम फिरवला. १९५९ ची पहिली नावं कोनापासून सुरू होऊन उजव्या टोकाकडे जातात, डाव्या टोकाकडून परत येत १९७५ ची शेवटची नावं पुन्हा कोनाशी पोचतात, आणि युद्धाचा आरंभ व शेवट एकमेकांना भिडतात. स्मारकाचा सगळा प्राण त्या बदलात आहे. ज्युरीतून बाहेर पडल्यावर मुलं एकमेकांना किती मिळाले ते विचारतात. काय म्हणाले, हे आधी विचारावं.