पिकाचे अवरक्त छायाचित्रण : भिंग व फिल्टर कसे निवडाल?

धायरीच्या टेकडीवरून खाली पाहिले तर इमारतींच्या मध्ये उरलेली शेते, हिरवा रंग दिलेले पत्रे आणि रस्त्याकडेची झाडे डोळ्यांना जवळपास एकसारखी हिरवी दिसतात. अवरक्त किरणांच्या छायाचित्रात मात्र जिवंत पान पांढरेशुभ्र उठून दिसते, रंगवलेला पत्रा साधारणपणे करडा राहतो आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूने वाहणारा मुठा उजवा कालवा काळाभोर दिसतो, कारण पाणी हे किरण शोषून घेते.

याचे कारण पानाच्या रचनेत आहे. हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश शोषून घेते. 700 नॅनोमीटरच्या पुढचे अवरक्त किरण मात्र पानाला उपयोगी नसतात. पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवर आदळून त्यांपैकी 40 ते 50 टक्के परत फिरतात. पीक खंगले, पाने विरळ झाली की लाल प्रकाश जास्त परत येतो आणि अवरक्त कमी. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज केली की जो आकडा मिळतो, त्यालाच वनस्पती निर्देशांक किंवा एनडीव्हीआय म्हणतात. हे किरण उष्णतेचे नव्हेत. या कॅमेऱ्याने पिकाचे तापमान कळत नाही. त्याचा कॅमेरा वेगळा.

आपल्या देशात ही पद्धत नवी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली 1970 साली केरळातील नारळबागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली व ‘रूट विल्ट’ रोगाची झाडे ओळखण्यात आली. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. आता फिल्मची गरज उरलेली नाही. डिजिटल कॅमेऱ्याची सिलिकॉनची चकती सुमारे 1000 नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपू शकते. परंतु नेहमीच्या छायाचित्रांचे रंग बिघडू नयेत म्हणून कारखान्यातच तिच्यापुढे अवरक्त अडविणारी काच बसविलेली असते. ही काच काढून तेथे साधी पारदर्शक काच बसविली की कॅमेरा आपल्या कामाचा होतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज कॅमेरा बंद असतानाही जोराचा धक्का देऊ शकते.

काच न काढताही 720 नॅनोमीटरचा फिल्टर लावून छायाचित्र निघते, पण त्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यात वाऱ्याने पाने हलतात व चित्र पुसट येते. शिकण्यापुरते ते ठीक आहे.

फिल्टरच्या बाबतीत बहुतेकांची निवड चुकते ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील सुंदर चित्रे पाहून. पांढरी झाडे व काळे आकाश हवे असेल तर 720 नॅनोमीटरचा, म्हणजे होया कंपनीच्या आर-72 सारखा फिल्टर उत्तम. 850 नॅनोमीटरचा त्याहून कडक. त्यातून केवळ काळे-पांढरे चित्र मिळते. परंतु हे दोन्ही फिल्टर लाल प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवितात, आणि लाल प्रकाशाशिवाय निर्देशांक काढता येत नाही. शेतीसाठी काच बदललेल्या कॅमेऱ्यावर सुमारे 590 ते 600 नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारा लाल फिल्टर घ्यावा. रॅटन 25ए हा त्याच जातीचा आहे. या फिल्टरमुळे निळा प्रकाश आत येतच नाही, म्हणून चित्राच्या निळ्या भागात मुख्यतः अवरक्त नोंदले जाते आणि लाल भागात लाल व अवरक्त दोन्ही. संगणकावर त्यांची फोड करता येते. फिल्टर आपल्याकडील सर्वांत मोठ्या तोंडाच्या भिंगाच्या मापाचा घ्यावा व लहान भिंगांसाठी स्टेप-अप रिंग वापरावी, म्हणजे एकच फिल्टर सगळीकडे चालतो. गडद फिल्टरमधून सूर्याकडे मुळीच पाहू नये. डोळ्यांना अंधार वाटला तरी अवरक्त किरण आत जातच असतात.

भिंगाची निवड याहून नाजूक आहे. काही भिंगांवरील लेप दृश्य प्रकाशासाठी केलेले असतात. अवरक्त किरण त्यांवरून आतल्या आत परावर्तित होतात आणि चित्राच्या मध्यभागी फिकट गोल डाग पडतो. निसर्गचित्रात तो फार तर खटकेल. शेतात मात्र त्याने नुकसान होते. मधला भाग जोमदार व कडेचा भाग उपाशी असल्याचा भास होतो आणि गरज नसलेल्या कडेला युरियाचा जादा हप्ता पडतो. भिंगाची किंमत पाहून हा दोष ओळखता येत नाही; कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे 18-55 मि.मी.चे झूम अनेकदा महाग भिंगापेक्षा बरे ठरते. म्हणून भिंग घेण्यापूर्वी परीक्षा करावी. फिल्टर लावून उन्हातील एकसारख्या रंगाच्या भिंतीचे एफ 4, एफ 8 व एफ 16 या छिद्रांवर छायाचित्र घ्यावे. मग कॅमेरा थोडा बाजूला वळवून पुन्हा घ्यावे. उजळ डाग भिंतीबरोबर सरकला तर तो भिंतीचा. चित्राच्या मध्यावरच राहिला तर भिंगाचा. छिद्र लहान केले की हा डाग बहुधा ठळक होतो, त्यामुळे एफ 5.6 ते एफ 8 च्या पुढे जाऊ नये.

अवरक्त किरणांचा केंद्रबिंदू थोडा मागे पडतो. जुन्या भिंगांवर त्यासाठी तांबडी खूण असे. मिररलेस कॅमेऱ्यात हा प्रश्न येत नाही. डीएसएलआर असल्यास लाइव्ह व्ह्यू चालू करून पडद्यावर पाहूनच फोकस करावा.

धायरीचा परिसर एन.डी.ए.पासून जवळ आहे, तेव्हा ड्रोन उडविण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर परवानगीची माहिती अवश्य पाहावी. शेजारच्या इमारतीची गच्ची मिळाली तर ड्रोनची गरजही पडत नाही. सकाळी 11 ते दुपारी 1 या वेळात, इमारतीची सावली प्लॉटवर नसताना, रॉ प्रकारात छायाचित्र घ्यावे आणि चौकटीत एक पांढरा कागद ठेवावा. 8-10 दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच भिंगाने पुन्हा घ्यावे व कागदाचा उजळपणा जुळवून मगच तुलना करावी. जो कोपरा मंद झाला असेल तेथे खुरपे घेऊन जावे, मुळे उकरावीत, पानांची खालची बाजू पाहावी. पाणी साचले आहे, नत्र कमी आहे की कीड लागली आहे, हे छायाचित्र सांगत नाही.