मेमरी कार्डाची गती

अंकीय म्हणजेच डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे ज्या काढता-घालता येणाऱ्या छोट्या कार्डात साठविली जातात, त्यास मेमरी कार्ड म्हणतात. त्यावर माहिती ज्या वेगाने लिहिली किंवा त्यावरून वाचली जाते, ती त्याची गती होय. ती सामान्यतः सेकंदास मेगॅबाइट या एककात सांगतात. गतिमान कार्डामुळे चित्र अधिक रेखीव येते, हा समज निराधार आहे. चित्राची प्रत भिंग, संवेदक व प्रकाश यांवर ठरते. कार्डाच्या गतीचा संबंध पुढील चित्रासाठी कॅमेरा केव्हा मोकळा होतो एवढ्यापुरताच असतो. काही प्रसंगी मात्र तेवढेच निर्णायक ठरते.

फिल्म कॅमेऱ्यात हा प्रश्न नव्हता. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवावा लागे. फिल्मवर प्रकाश पडताच चित्र तेथेच अंकित होई. टिपणे व साठविणे या दोन क्रिया वेगळ्या नव्हत्या. अंकीय कॅमेऱ्यात त्या वेगळ्या झाल्या. संवेदकावरील प्रकाशाचे प्रथम विद्युत् संकेतांत व नंतर अंकांत रूपांतर होते. ही माहिती बफर नावाच्या कॅमेऱ्यातील तात्पुरत्या स्मृतीत जमा होते आणि तेथून सवडीने कार्डावर उतरते. बफर भरला की कळ दाबूनही चित्रण मंदावते.

शालेय अंकगणितातील हौद व दोन तोट्यांचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. समजा, असंस्कारित म्हणजे रॉ स्वरूपातील एक चित्र २५ मेगॅबाइटचे असून कॅमेरा सेकंदास १० चित्रे घेतो. बफरमध्ये सेकंदास २५० मेगॅबाइट माहिती येते. कार्ड सेकंदास ८० मेगॅबाइट लिहीत असेल, तर दर सेकंदास १७० मेगॅबाइट साचत जाते व १,००० मेगॅबाइटचा बफर सु. ६ सेकंदांत भरतो. त्यानंतर सेकंदास जेमतेम तीन चित्रे मिळतात. तोच कॅमेरा, पण सेकंदास ३० मेगॅबाइट लिहिणारे कार्ड घेतल्यास बफर सु. साडेचार सेकंदांत भरतो. हा फरक लहान वाटेल. परंतु भरलेला बफर रिकामा होण्यास पहिल्या कार्डाला १२·५ सेकंद, तर दुसऱ्याला ३३ सेकंद लागतात. खरी अडचण या प्रतीक्षेची असते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर येथे याचा प्रत्यय येतो. हे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ असून त्याचा समावेश २०२० मध्ये जाहीर झाला. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके व इतर पाणपक्षी मोठ्या संख्येने येतात. वारकरी हा काळा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी उडण्यापूर्वी पाण्यावरून पाय आपटीत धावतो. शिकारी पक्षी वरून जाताच सारा थवा असा धावू लागतो. पहिल्या धांदलीत बफर भरून गेला, तर थवा पाणी सोडून वर उठतो ते क्षण हुकतात, आणि थवा पुन्हा तसाच उठेल याची शाश्वती नसते. अशा वेळी जेपेग स्वरूप निवडणे हा बिनखर्चाचा उपाय होय. चित्र ८ मेगॅबाइटचे धरल्यास सेकंदास १० चित्रांनाही वरील पहिले कार्ड पुरे पडते. उलट, फाळके यांनी ‘अंकुराची वाढ’ ज्या रीतीने टिपली, त्या ठरावीक अंतराने एकेक चित्र घेण्याच्या कामास सर्वांत मंद कार्डही चालते. घरगुती समारंभ वा निसर्गदृश्ये यांसाठी महाग कार्डावर केलेला खर्च बहुधा वायाच जातो.

लेखनाची मंद गती : कार्डातील फ्लॅश स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात लावला. या स्मृतीत भरलेल्या जागी थेट नवे लिहिता येत नाही. आधीचे पुसावे लागते व तेही पानापानाने नव्हे, तर अनेक पानांच्या संपूर्ण खंडाने. त्यामुळे वाचनापेक्षा लेखन मंद असते आणि कार्ड भरत आले की ते आणखी रेंगाळू शकते. चित्रांची प्रत अन्यत्र ठेवून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणे हितावह असते, ते यामुळेही.

मापन व खुणा : वेष्टनावरील मोठा आकडा बहुधा वाचनाची कमाल गती सांगतो, चित्रकारास लेखनाची किमान गती हवी असते. काही कार्डांवर ‘६३३ पट’ अशी नोंद आढळते. यातील एक पट म्हणजे जुन्या सीडी-यंत्राची सेकंदास १५० किलोबाइट ही गती. म्हणजे ६३३ पट सु. ९५ मेगॅबाइट. एसडी कार्डांवरील वर्गखुणा अधिक विश्वसनीय आहेत. सी अक्षरातील १० म्हणजे सेकंदास किमान १० मेगॅबाइट, यू अक्षरातील ३ म्हणजे ३० मेगॅबाइट, तर व्ही ३०, व्ही ६० व व्ही ९० यांत आकडाच किमान गती दर्शवितो. कार्डाइतकाच कॅमेराही महत्त्वाचा असतो. यूएचएस-१ जोडणीची कमाल मर्यादा १०४, तर यूएचएस-२ ची ३१२ मेगॅबाइट असते. दुसऱ्या प्रकारचे कार्ड पहिल्या प्रकारच्या कॅमेऱ्यात चालते, पण पहिल्याच्याच मर्यादेत.

चलच्चित्रणात किमान गतीचे महत्त्व आणखी वाढते, कारण तेथे बफरला उसंत मिळत नाही. नाशिकच्या २०१५ मधील सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या आखाड्यांच्या मिरवणुकीसारखा प्रसंग सलग टिपताना कार्ड मागे पडले, तर कॅमेरा चित्रण थांबवितो. येथे एक घोटाळा नेहमी होतो. चलच्चित्रणाचा दर मेगॅबिटमध्ये सांगतात व आठ बिट मिळून एक बाइट होतो. सेकंदास १०० मेगॅबिट दराच्या चित्रणास १२·५ मेगॅबाइट गती लागते. व्ही ३० कार्ड त्यास पुरून उरते. ४०० मेगॅबिटसाठी मात्र ५० मेगॅबाइट, म्हणजे व्ही ६० कार्ड हवे.

बनावट कार्डांवर या सर्व खुणा छापलेल्या असतात, गती व साठवणक्षमता मात्र नसते. म्हणून नवे कार्ड महत्त्वाच्या प्रसंगापूर्वी एकदा पूर्ण भरून तपासावे. कॅमेऱ्यावरील लेखनदर्शक दिवा विझेपर्यंत कार्ड काढू नये; बफरमधील चित्रे तोवर कार्डावर उतरलेली नसतात.