रूळ गेले, पण लाईन अजून रानातच आहे! जुनी 'बार्शी लाईट' आपल्या शिवारात कशी ओळखायची?

येडशी (ता. धाराशिव) : पावसाळ्यात अनेक शिवारांत एक गोष्ट हमखास दिसते. उताराचं रान असूनही मधेच एका पट्ट्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं. खालच्या रानात मात्र पाण्याचा थेंब नाही. मधे आडवा पडलेला असतो एक जुना मातीचा भराव. नव्या पिढीला तो नुसता मोठा बांध वाटतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ते एका शब्दात सांगतात, "लाईन".

ही लाईन म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, ढोकी, मुरुडमार्गे लातूरपर्यंत धावणारी छोटी गाडी. गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण लाईनसाठी टाकलेला भराव, फोडलेलं खडक, बांधलेल्या मोऱ्या आणि कागदावर गेलेली जमीन या चार गोष्टी रुळांबरोबर गेल्या नाहीत. म्हणून जुनी लाईन नेमकी कुठून गेली हे कळणं फक्त हौशी माणसाचं काम नाही. ज्यांच्या रानातून ती गेली त्यांच्या पाण्याचा, वाटेचा आणि सात-बाराचा हिशेब तिच्याशी बांधलेला आहे.

आधी ही गाडी होती तरी काय?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाईन उभी केली. त्यासाठी १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली गेली. त्या वेळी मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जात होती आणि बार्शीची बाजारपेठ तिथून ३५ किलोमीटरच्या आसपास लांब पडली होती. कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं त्या काळचं नावच 'बार्शी रोड' होतं. बार्शीचा माल बैलगाडीने तिथवर न्यावा लागायचा.

१८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये लाईन पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला. सगळी मिळून लांबी झाली २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. बार्शी तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि येडशी-लातूर निजामाच्या राज्यात. ही गाडी दोन राज्यांचा बाजार जोडत होती. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि बार्शी लाईट भारतीय रेल्वेत आली.

दोन रुळांमधलं अंतर होतं फक्त अडीच फूट. मोठ्या लाईनचं अंतर साडेपाच फूट असतं. कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती. इंजिन असो नाहीतर डबा, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च कमी होतो. लाईन अरुंद असल्याने वळणंही आखूड घेता येतात. डोंगर फोडत बसण्यापेक्षा डोंगराला वळसा घालून जाता येतं.

या शेवटच्या गोष्टीमुळेच काही भागात जुनी लाईन एका बाजूला आणि आताची लाईन दुसऱ्या बाजूला पडली.

जुनी वाट का सोडली?

छोट्या लाईनची मोठी अडचण कुर्डुवाडीला होती. छोट्या डब्यातला माल उतरवायचा आणि मोठ्या डब्यात पुन्हा भरायचा. यात वेळ, हमाली आणि नासधूस तिन्ही गोष्टी आल्या. रस्ते सुधारले, ट्रक वाढले, तसा माल रेल्वेकडून निघून गेला. शेवटी सगळी लाईन मोठी करायचं ठरलं. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी झालं. लातूर ते धाराशिव २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये सुरू झालं. पंढरपूर-मिरज त्यानंतर पूर्ण झालं.

बार्शीकडून येडशीला येताना बालाघाटाचा चढ लागतो. जुनी गाडी रामलिंगच्या घाटातून वळणं घेत वर चढायची. मोठ्या गाडीला तसली आखूड वळणं चालत नाहीत. शिवाय जुनी लाईन धाराशिव शहराला बाजूला ठेवून गेली होती, आणि जिल्ह्याच्या गावाला रेल्वे हवी ही लोकांची कित्येक वर्षांची मागणी होती. म्हणून नवी लाईन धाराशिववरून फिरवून येडशीला आणली. रामलिंगच्या बाजूचा जुना पट्टा तसाच मागे राहिला.

इतर ठिकाणी नवी लाईन जुनीच्या अंगावरून किंवा जवळून गेली आहे. तिथं दोन्हींची गल्लत होते. वळण सरळ केलं, स्टेशन हलवलं, पूल नवा बांधला, अशा जागी जुन्या लाईनचे तुकडे रानात सुटून राहिलेले असतात.

रानात लाईन कशी ओळखायची?

१) भराव आणि कटिंग : शेताचा बांध जमिनीच्या उताराबरोबर वर-खाली होतो. रेल्वेचा भराव तसा होत नाही. आगगाडीला शंभर फुटाला एक फूट चढसुद्धा जड जातो. म्हणून खोलगट जागी माती टाकून भराव केला जातो आणि उंचवट्यावर खडक फोडून कटिंग केलं जातं. जमीन खाली-वर होते, पण हा पट्टा जवळजवळ एका पातळीत पुढं जातो. एका टेकाडातली कापणी आणि पुढच्या ओढ्याजवळचा भराव एका रेषेत आला, की समजायचं ही लाईन आहे.

२) वळण : गाडीवाट झाडाला, विहिरीला वळसा घालून वाकडीतिकडी जाते. लाईनचं वळण सावकाश असतं, कुठं एकदम मोडत नाही.

३) मोऱ्या आणि पूल : ही सगळ्यात पक्की खूण. ओढ्यात दोन्ही काठांना घडीव काळ्या दगडाच्या भिंती समोरासमोर उभ्या आहेत, पण वर काहीच नाही, असं दिसलं की तिथं लोखंडी गर्डर होते. लहान ओघळीवर दगडी मोरी असते. झुडपात, गाळात बुजलेली असली तरी दगडांची घडण लपत नाही.

४) खडी आणि राख : नांगरताना एका सरळ पट्ट्यातच सारख्या आकाराची काळी खडी निघते. जुन्या स्टेशनाजवळ तिच्याबरोबर जळालेल्या कोळशाचे हलके, भोकं पडलेले खडे सापडतात. ती वाफेच्या इंजिनाची राख.

५) विहीर, टाकी आणि झाडं : वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी घ्यावं लागायचं. गावापासून बाजूला, वस्ती नसलेल्या जागी एकदम मोठी बांधीव विहीर, टाकीचा ओटा आणि ओळीने लावलेले जुने लिंब दिसले तर तिथं स्टेशन किंवा कर्मचाऱ्यांच्या खोल्या असण्याचा संभव आहे.

६) नावं : लाईन गेली तरी नावं मागं राहतात. फाटक नाही, पण थांब्याला लोक 'फाटक' म्हणतात. गाडी नाही, पण रस्ता 'स्टेशन रोड'. लातूर शहरात तर 'जुनी रेल्वे लाईन' हा पत्ताच झाला आहे. स्टेशनाच्या नावापुढं 'रोड' असेल तर ते गाव स्टेशनापासून लांब असतं, हेही ध्यानात ठेवावं. कळंब रोड, जत रोड ही त्याचीच उदाहरणं.

मोबाईलवर काय बघता येईल?

उपग्रहाचा नकाशा उघडून आपलं शिवार शोधा. मार्च ते मेमध्ये रानं मोकळी असतानाचं चित्र असेल तर उत्तम. शेतांचे तुकडे बहुतेक चौकोनी दिसतात. त्या चौकोनांना तिरकं कापत जाणारी एक सावकाश वळणारी रेघ दिसली तर ती लाईन असू शकते. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रंही दिसतात. २००८ च्या आधीचं स्पष्ट चित्र मिळालं तर काम सोपं होतं.

जुने नकाशे त्याहून भरवशाचे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर छोटी लाईन, स्टेशनं आणि पूल दाखवलेले असतात. अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे नकाशे छापले. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यावरही रेल्वे दाखवलेली आहे. मात्र हे नकाशे मोठ्या भागाचे आहेत. त्यावरून लाईन कोणत्या गावाजवळून गेली हे कळतं, कोणत्या बांधावरून गेली हे कळत नाही.

बांधापर्यंत जायचं असेल तर भूमी अभिलेखचा गाव नकाशाच हवा. त्यात गटांच्या मधून जाणारा लांबच लांब अरुंद पट्टा दिसतो. तो नकाशा, उपग्रहाचं चित्र आणि रानातल्या खुणा या तिन्ही एकमेकांशी जुळल्या तरच खात्री धरावी. एकट्या मोबाईलवर विसंबून राहू नये. पाईपलाईनची चर किंवा जुना कालवाही वरून असाच दिसतो.

जमीन कुणाची?

यावर गावागावात गैरसमज आहेत. रूळ उचलले म्हणजे जमीन आपोआप मूळ मालकाकडे परत आली, असं होत नाही. एकदा संपादन होऊन मोबदला दिलेली जमीन सरकारची किंवा रेल्वेची राहते. ती दुसऱ्याला द्यायची तर तसा आदेश लागतो आणि फेरफार लागतो. वर्षानुवर्षं पेरलं म्हणून नाव लागत नाही.

उलट बाजूही आहे. काही ठिकाणी पट्टा नेमका किती रुंद होता हे कुणालाच ठाऊक नसल्याने शेतकऱ्याची स्वतःची जमीनही वादात सापडते. म्हणून लाईनलगतचं रान विकत घेताना पुढील कागद बघावेत.

- सात-बारा आणि जुने फेरफार
- गाव नकाशा आणि गटाची मोजणी
- मराठवाड्यातल्या गावांसाठी खासरा पत्रक. निजामकाळातले अनेक कागद उर्दूत आहेत, ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

जमीन अजून रेल्वेकडे आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. बार्शी-लातूर पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात गाव, गट नंबर आणि जवळच्या स्टेशनाचं नाव स्पष्ट लिहावं.

तुंबलेल्या पाण्याचं काय करायचं?

भराव टाकला तेव्हा पाणी पलीकडं जावं म्हणूनच मोऱ्या ठेवल्या होत्या. लाईन चालू होती तोवर रेल्वेची माणसं त्या साफ ठेवायची. लाईन बंद झाली आणि मोऱ्यांना वाली उरला नाही. कुठं गाळाने भरल्या, कुठं दगड काढून नेले, कुठं कुणी माती लोटून बुजवून टाकल्या.

पाणी तुंबतंय म्हणून भरावच फोडायचा, हा उपाय घाईचा ठरतो. वरचं सगळं पाणी एकदम खालच्याच्या रानात घुसतं आणि बांधाची भांडणं सुरू होतात. आधी भरावाच्या कडेने चालत जाऊन मोरी शोधावी. ती बहुतेक सगळ्यात खोलगट जागी असते. जमीन कुणाची याची खात्री करून, लेखी कळवून आणि दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून उन्हाळ्यातच ती मोकळी करावी.

शेजाऱ्याने मोरी बुजवून नैसर्गिक पाणी अडवलं असेल किंवा वहिवाटीचा रस्ता बंद केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मुदत गेली की मग दिवाणी कोर्टाची पायरी. अडथळा रेल्वेच्याच जागेत असेल तर रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

बघायला जाताना एवढं सांभाळा

चालू लाईनवरून चालत जाऊ नये. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. रामलिंगचा परिसर अभयारण्यात येतो, तिथं वन विभागाचे नियम पाळावेत. मोरीत वाकून बघण्याआधी काठी आपटावी, साप-विंचवाची जागा असते. आणि दगड काढून आणू नयेत. घडीव दगड घराच्या पायाला उपयोगी पडतो हे खरं, पण मोरीचा एक दगड निघाला की पुढच्या पावसात बाकीचे आपोआप निघतात, आणि तुंबणारं पाणी आपल्याच रानात येतं.

लाईनची खरी माहिती असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. कुणी गँगमध्ये काम केलं, कुणी फाटकावर, कुणी त्या गाडीने शाळेला गेलं. गाडी कुठं थांबायची, मोरी कुठं होती, हद्दीचा दगड कुठं होता, हे त्यांना पाठ आहे. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. एक दिवस काढून त्यांना रानात न्यावं, ते दाखवतील त्या जागेचा फोटो घ्यावा, ठिकाण मोबाईलमध्ये नोंदवावं आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. उद्या मोजणी आली किंवा पाण्याचं भांडण उभं राहिलं, तर हीच नोंद गावाच्या कामी येईल.