पडद्यावरचे वाहन आणि परिग्रहाचे परिमाण

श्रावकाच्या नित्याच्या चौदा नियमांत 'वाहन' हा एक स्वतंत्र नियम आहे. आज दिवसभरात किती वाहनांचा उपयोग करायचा, याची मर्यादा सकाळीच मनाशी ठरवायची आणि सायंकाळी ती पाळली गेली की नाही, हे तपासायचे, अशी ही परंपरा. मीरा-भाईंदरमधील अनेक जैन घरांत आजही ती जपली जाते. घरापासून देरासरापर्यंत पायी, पुढे स्टेशनपर्यंत रिक्षा, मग लोकल, अशी मोजदाद करणारे ज्येष्ठ या शहरात पुष्कळ आहेत. मात्र त्याच घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातातील फोनमध्ये किंवा दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेल्या गेमिंग यंत्रात आज शेकडो वाहने उभी असतात. लॅम्बोर्गिनी, फेरारी, पोर्शे, मॅक्लारेन अशी त्यांची नावे. ही वाहने नियमात मोजायची की नाही, हा प्रश्न वरकरणी गमतीचा वाटला, तरी त्याचे उत्तर देऊ गेल्यास परिग्रहाच्या मुळाशी जाऊन थांबावे लागते.

जैन घरांत व्हिडिओ गेमविषयीची पहिली चाळणी अहिंसेची असते. बंदुकीचे खेळ पुष्कळ पालक नाकारतात. पडद्यावरील माणूस खोटा असला, तरी त्याला मारण्याचा भाव खरा असतो, हे त्यामागचे कारण. शर्यतीच्या खेळाला मात्र सहज परवानगी मिळते. त्यात रक्त नाही, शस्त्र नाही, कोणाचा वध नाही. येथेच पालकांची चौकशी बहुधा संपते. पाच अणुव्रतांपैकी पहिल्याच्या कसोटीवर उतरलेला खेळ पाचव्याच्या, म्हणजे परिग्रह-परिमाणाच्या कसोटीवर क्वचितच घासून पाहिला जातो.

शर्यतीचे खेळ आवडीने खेळणाऱ्यांमध्येही एक वाद जुना आहे. कोट्यवधी रुपयांच्या दुर्मिळ सुपरकारना या खेळांत स्थान असावे का? एका पक्षाच्या मते जे प्रत्यक्षात कधीही लाभणार नाही ते अनुभवण्यासाठीच तर खेळ असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते सुपरकारांच्या गर्दीमुळे खेळातील कौशल्य मागे पडते आणि गाड्या जमवण्याचा हव्यास पुढे येतो.

दोन परंपरा

हे दोन पक्ष खेळांच्या इतिहासातच दिसतात. १९९४ साली आलेल्या 'नीड फॉर स्पीड' या खेळात अवघ्या आठ गाड्या होत्या. लॅम्बोर्गिनी डायब्लो, फेरारी ५१२ टीआर, पोर्शे ९११ यांसारख्या त्या आठही गाड्या वेगाच्या आणि प्रतिष्ठेच्या होत्या. खेळणारा पहिल्याच क्षणी श्रीमंताच्या आसनावर बसत असे. १९९७ मध्ये जपानमध्ये 'ग्रॅन टुरिस्मो' आला आणि त्याने निराळा मार्ग धरला. निर्माते काझुनोरी यामाउची यांनी खेळणाऱ्याच्या हाती थोडे भांडवल दिले आणि त्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात उभे केले. तेवढ्या पैशांत बसणारी साधी, वापरलेली गाडी घ्यायची, परवान्याच्या परीक्षा द्यायच्या, लहान शर्यती जिंकायच्या, मिळालेल्या बक्षिसातून गाडी सुधारायची आणि पुष्कळ काळाने एखादी मोठी गाडी घ्यायची.

व्यापारी घराला ही दुसरी रीत समजावून सांगावी लागत नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तेथे भाड्याच्या गाळ्यात एका यंत्रावर सुरुवात करायची, नफा पुन्हा धंद्यात घालायचा आणि स्वतःचा गाळा नंतर घ्यायचा, हा क्रम ओळखीचा आहे. जुन्या 'ग्रॅन टुरिस्मो'त सुपरकार होतीच. पण ती साधनेच्या शेवटी भेटणारे फळ होती. साध्या गाडीवर वळणाचा अंदाज, ब्रेकची वेळ आणि संयम शिकलेल्यालाच ती नीट चालवता येई. असे शिक्षण वायाही जात नाही. ब्रिटनमधील जॅन मार्डनबरो हा तरुण २०११ मध्ये याच खेळावर आधारित 'जीटी अकादमी' स्पर्धा जिंकला आणि पुढे खरा शर्यतपटू झाला.

महाराष्ट्रातील एक गाडी

या विषयाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या वाहन प्रदर्शनात टाटा मोटर्सने 'टॅमो रेसमो' ही दोन आसनी छोटी स्पोर्ट्स कार सादर केली. तिचे इंजिन केवळ १.२ लिटरचे होते; पण टर्बोच्या साहाय्याने ते १९० अश्वशक्ती देईल आणि गाडी सहा सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठेल, असे सांगण्यात आले. परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर तेव्हा शंभर टक्के सीमाशुल्क होते. अशा देशात वेगाची हौस आवाक्यात आणण्याचा हा प्रयत्न होता.

याच वेळी आणखी एक घोषणा झाली. रेसमोची संगणकीय प्रतिकृती मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या शर्यतीच्या खेळात उतरणार होती. कंपनीने तिला 'फिजिटल' गाडी म्हटले, म्हणजे रस्त्यावरही असणारी आणि पडद्यावरही असणारी. भारतीय मुलाने फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या रांगेत आपल्या देशातील, आपल्या राज्यात मुळे असलेल्या कंपनीची गाडी उभी पाहावी, ही कल्पना आकर्षक होती.

रेसमो विक्रीसाठी रस्त्यावर कधीच आली नाही. प्रकल्प पुढे गुंडाळला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये गाड्यांच्या आणि संगीताच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे 'फोर्झा होरायझन ३' हा खेळही विक्रीतून काढून घेण्यात आला. लोखंडाची गाडी राहिली नाही आणि तिच्यासाठी सजवलेल्या प्रकाशाच्या रस्त्यालाही मुदत होती.

नावाचे भाडे

खेळात दिसणारी गाडी ही मुळात नावाचा व्यवहार असते. फेरारीचा घोडा किंवा पोर्शेची आकृती वापरण्यासाठी खेळाच्या निर्मात्याला गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो. पोर्शेचा असा विशेष परवाना २००० पासून २०१६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीकडे होता. त्यामुळे 'ग्रॅन टुरिस्मो'सारख्या इतर खेळांना पोर्शेच्या ऐवजी रूफ या जर्मन कंपनीच्या तत्सम गाड्यांवर समाधान मानावे लागले. व्यापाऱ्याच्या भाषेत हा एकाधिकार होता आणि माल होता केवळ नाव.

परवाना देणाऱ्या अनेक कंपन्या आपली गाडी चेंदामेंदा झालेली दाखवू देत नाहीत. म्हणून कित्येक खेळांत ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळलेली सुपरकार थोडे ओरखडे घेऊन पुन्हा धावू लागते. उलट 'बीमएनजी ड्राइव्ह' या जर्मनीत तयार झालेल्या खेळात कोणत्याही खऱ्या कंपनीची गाडी मुळातून घेतलेली नाही. त्यातील गाड्या कल्पित असल्यामुळे त्या धडकेत खऱ्यासारख्या वाकतात, मोडतात, निकामी होतात. ज्या गाडीला नाव नाही, ती वेगाचे फळ प्रामाणिकपणे दाखवते. ज्या गाडीचे नाव मोठे, तिचे फळ झाकले जाते.

कर्माचा सिद्धांत बाळगुटीबरोबर मिळणाऱ्या समाजाने या भेदाकडे दुर्लक्ष करू नये. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. या घटनेचा दोष कोणत्याही खेळाला देता येणार नाही. तरीही महाराष्ट्रातील प्रत्येक सधन घराला तिने एक गोष्ट दाखवून दिली: खऱ्या रस्त्यावर परत सुरुवात करण्याचे बटण नसते.

टंचाई कोण निर्माण करतो

मॅक्लारेन एफ-१ ही गाडी जगात केवळ १०६ बनल्या. तिची किंमत प्रचंड असण्यामागे खरी दुर्मिळता आहे. पडद्यावर मात्र त्याच गाडीची आणखी एक प्रत काढायला निर्मात्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेथे टंचाई नैसर्गिक नसते, ती घडवलेली असते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये अशा दुर्मिळ गाड्यांच्या किमती हॅगर्टी या प्रत्यक्षातील मूल्यांकन कंपनीच्या आधारे ठेवल्या गेल्या. खेळातील चलन खऱ्या पैशांनी विकत घेण्याची सोयही होती. प्रकाशनानंतर काही दिवसांतच काही शर्यतींचे बक्षीस कमी करण्यात आले. एक मोठी गाडी मिळवण्यासाठी कित्येक तास तीच ती शर्यत फिरायची किंवा खिशात हात घालायचा, असे दोनच मार्ग उरल्याची तक्रार जगभर झाली. यामाउची यांनी क्षमा मागितली, खेळाडूंना दहा लाख क्रेडिट दिले आणि पुढे बक्षिसे वाढवली. साधनेचे फळ म्हणून सुपरकार देणारा खेळ पंचवीस वर्षांत दुकानाच्या दाराशी कसा आला, हे या प्रसंगातून दिसते.

त्याहून घातक प्रकार बंद पेटीचा. पैसे भरायचे, पेटी उघडायची, आत साधी गाडी निघेल की सुपरकार, ते नशिबावर. बेल्जियमने एप्रिल २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात, असे जाहीर केले. जुगार हे सात व्यसनांत मोडते, हे जैन घरातील मुलाला ठाऊक असते. पण पेटीवर लाल रंगाची इटालियन गाडी रंगवलेली असली की ते ओळखू येत नाही. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ज्या पेटीतून रुपया कधीच परत येत नाही, ती या बंदीत सहसा येत नाही. तेथे राखण घरालाच करावी लागते.

इतके करून हाती काय राहते? डिसेंबर २०२४ मध्ये 'फोर्झा होरायझन ४'ही विक्रीतून गेला. 'द क्रू' या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला तो खेळ गाड्यांसकट कोणालाच खेळता येईनासा झाला. विकत घेतले असे ज्याला म्हटले, तो वापराचा परवाना होता. जमेच्या बाजूला लिहावे असे त्यात काही नव्हते.

मोजायचे काय

मग पडद्यावरच्या गाड्या वाहनाच्या नियमात मोजायच्या का? त्या कोणाला वाहून नेत नाहीत, म्हणून वाहन म्हणून मोजण्याचे कारण नाही. परिग्रह म्हणून मात्र त्या मोजाव्या लागतात. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून करून दिली आहे. वस्तू हाती नसतानाही तिच्याविषयी मूर्च्छा असली तर परिग्रह घडतो. जी गाडी लोखंडाची नाही, जिचे वजन नाही, जी दुसऱ्याच्या सर्व्हरवर उभी आहे, तिच्यासाठी मुलाची झोप उडत असेल, तर तो परिग्रह आहे. आणि तीच गाडी महिनाभराच्या सरावानंतर मिळाली, दोन फेऱ्या मारून आनंद झाला आणि मुलगा अभ्यासाला बसला, तर मूर्च्छा फारशी नाही.

काही घरांत सर्वच खेळांना अनर्थदंड मानून वर्ज्य केले जाते. त्या निर्णयाचा आदर असावा. ज्या घरांनी खेळाला दार उघडले आहे, त्यांनी सुपरकारला हाकलून देण्याची आवश्यकता नाही. सुंदर यंत्राचे कौतुक करणे हे पाप नव्हे आणि पडद्यावर ते चालवण्यात इंधनही जळत नाही. पाहायचे ते एवढेच की खेळ ती गाडी कशी देतो: श्रमाने, रोख किमतीने की पेटीतून; आणि धडकेचे फळ दाखवतो की लपवतो.

हे पाहण्यासाठी पालकाला खेळ येण्याची गरज नाही. फोनवरील प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा. मुलाच्या खेळात बँकेचे कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये. खेळावर झालेला खर्च मुलाने स्वतः घरच्या हिशेबाच्या वहीत लिहावा. पेटी उघडण्याचा व्यवहार घरात होणार नाही, हा नियम स्पष्ट शब्दांत सांगावा. पर्युषणाच्या आठ दिवसांत अनेक घरांत टीव्ही बंद राहतो. त्या दिवसांत पडद्यावरच्या गॅरेजलाही कुलूप लावता येईल. आठ दिवसांनी ते उघडताना मुलाची घाई किती आहे, यावरून मूर्च्छेचे माप घरच्यांनाही कळेल आणि मुलालाही. पुढच्या सकाळी आजोबा वाहनाचा नियम घेतील, तेव्हा नातवानेही आपल्या गॅरेजातील गाड्यांचा एक आकडा ठरवून सांगावा. दहा म्हणाला तरी चालेल. सायंकाळी दोघांनी मिळून हिशेब तपासावा.