जन्मवर्षाचं जुनं घड्याळ घ्यायचंय? आधी मागच्या झाकणावरचा नंबर वाचायला शिका

आपण ज्या वर्षी जन्मलो त्याच वर्षी बनलेलं घड्याळ आपल्या मनगटावर असावं, ही कल्पनाच भारी आहे. पण ऑनलाइन शोधायला गेलात की "२००३ चं ओरिजिनल पीस" असं लिहिलेली घड्याळं दिसतात. ते खरंच २००३ चं आहे का? विकणारा म्हणतो म्हणून पैसे द्यायचे का? अजिबात नाही. बऱ्याच घड्याळांत पुरावा घड्याळावरच असतो. फक्त तो कुठे बघायचा हे माहीत हवं.

मॉडेलचं वर्ष वेगळं, घड्याळाचं वर्ष वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे साधं डिजिटल घड्याळ १९८९ मध्ये बाजारात आलं आणि आजही नवीन मिळतं. म्हणजे मॉडेल जुनं असलं तरी तुमच्या हातातला पीस गेल्या वर्षीचाही असू शकतो. त्यामुळे "हे मॉडेल तुमच्या जन्माच्या वेळी होतं" एवढ्यावर भुलू नका.

सेकोचा नंबर कसा वाचायचा?

सुरुवात करणाऱ्यांसाठी जपानच्या सेको कंपनीची घड्याळं सोपी पडतात. मागच्या झाकणावर सहसा ६ अक्षरी सिरियल नंबर असतो. त्यातला पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर. ऑक्टोबरसाठी ओ किंवा शून्य, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी.

समजा नंबर ३एन१२३४ आहे. म्हणजे घड्याळ नोव्हेंबरमध्ये बनलं आणि वर्षाच्या शेवटी ३ आहे. पण कोणतं ३? १९९३, २००३ की २०१३? दशक या नंबरात लिहिलेलंच नसतं!

मग दशक कसं ओळखायचं?

त्यासाठी आतलं मशीन बघायचं. झाकणावर आणखी एक नंबर असतो, त्याचे पहिले चार आकडे-अक्षरं म्हणजे मशीनचं नाव. सेको ५ या लोकप्रिय ऑटोमॅटिक घड्याळांत अनेकदा ७एस२६ हे मशीन असतं. ते १९९६ मध्ये आलं, म्हणजे आपल्या उदाहरणातलं १९९३ बाद झालं. उरलं २००३ किंवा २०१३. या मशीनची पहिली आवृत्ती ए, नंतर बी आणि मग सी आली. झाकण उघडल्यावर ७एस२६ए दिसलं तर २००३ कडे झुकतं माप, सी दिसलं तर २०१३ कडे. नंबर आणि मशीन, दोन्ही जुळले तरच वर्ष पक्कं समजा.

"मुंबई स्पेशल" पासून सावध

जगभरातले घड्याळप्रेमी एका प्रकाराला "मुंबई स्पेशल" म्हणतात. जुन्या सेको किंवा एचएमटीची डायल भडक रंगात पुन्हा रंगवायची, काटे एकाचे, झाकण दुसऱ्याचे लावायचे आणि चकाचक करून विकायचं. दिसायला मस्त, पण झाकणावर २००३ असलं तरी बाकीचं घड्याळ कुठल्या वर्षाचं कोण सांगणार?

ओळखायचं कसं? सेकोच्या डायलच्या अगदी खालच्या काठावर बारीक अक्षरात एक कोड असतो. त्याचे पहिले चार आकडे-अक्षरं झाकणावरच्या मशीनच्या नावाशी जुळायला हवीत. कोडच नाही, अक्षरं पुसट किंवा वाकडी आहेत, २०-२५ वर्षांच्या घड्याळाची डायल कालच रंगवल्यासारखी चमकते आहे? तिथे शंका घ्या.

घरातल्या एचएमटीचं काय?

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे कपाटात आजोबांचं किंवा काकांचं जनता, पायलट किंवा कोहिनूर पडलेलं असेल, तर बाजारात जाण्याआधी तेच विचारून बघा. बिल किंवा वॉरंटी कार्ड मिळालं तर उत्तमच. फक्त लक्षात ठेवा, बिलावरची तारीख विक्रीची असते. घड्याळ त्याआधी बनलेलं असतं.

पैसे देण्याआधी हे करा

- विकणाऱ्याकडून चार फोटो मागा: मागचं झाकण, डायलचा खालचा काठ, उघडं मशीन आणि चावीची बाजू. फोटो झूम करून नंबर स्वतः वाचा.
- घड्याळ चालू असतानाचा व्हिडिओ मागा. शक्य असेल तर फोनच्या वेळेशी लावून २४ तासांनी फरक बघा.
- फोनच्या माइकने टिकटिक ऐकून घड्याळ रोज किती पुढे-मागे जातं हे मोजणारी ॲप्स मिळतात. ७एस२६ तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. ॲपमध्ये हा आकडा सेट करून शांत खोलीत तपासा.
- सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरा. आतलं तेल सुकलेलं असू शकतं. ओळखीच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांना दाखवलंत तर मशीनही उघडून बघता येईल.
- झाकणावर वॉटर रेझिस्टंट लिहिलं असलं तरी पावसात घालू नका. आतलं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पाणी आत गेलं की मशीन गंजतं.

आणि एक. झाकण उघडून दाखवायला किंवा नंबरचा स्पष्ट फोटो पाठवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही कमी असो, यूपीआयवर ॲडव्हान्स पाठवू नका. दुसरं शोधा. जन्मवर्षाच्या घड्याळात त्या वर्षालाच तर किंमत आहे. ते वर्षच खोटं निघालं तर तुमच्याकडे राहतं फक्त एक जुनं घड्याळ.