नस्तीपर्यंतची वाट : मिरा-भाईंदर आणि माहितीचा अधिकार

मिरा-भाईंदर नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अध्यादेश अमलात आला. म्हणजे ही महानगरपालिका आणि तिच्या दप्तरातील कागद पाहण्याचा नागरिकाचा हक्क हे दोन्ही एकाच वर्षाचे आहेत. सरकारी कागदपत्रे लोकांना खुली असावीत हा विचार अर्थातच त्याहून फार जुना असून स्वीडनने १७६६ मध्येच त्याला कायद्याचे रूप दिले होते. भारतात १९९७ मध्ये तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी तसे कायदे केले, महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला कायदा तोकडा ठरला, आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २००३ मध्ये राज्याच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला आणि आज ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत राज्यातील प्रत्येक ‘सार्वजनिक प्राधिकरण’, म्हणजे कायद्याने स्थापन झालेली किंवा सरकारी पैशावर चालणारी संस्था, याच अधिनियमाने बांधलेली आहे. या कायद्याची चर्चा बहुधा अर्जदाराची चिकाटी आणि अधिकाऱ्याची टाळाटाळ यांच्याभोवती फिरते. परंतु अर्जाचे भवितव्य पुष्कळदा या दोघांची गाठ पडण्यापूर्वीच, मागितलेला कागद कोणी, कुठे आणि कसा जपून ठेवला आहे यावर ठरून गेलेले असते.

कायद्यातील ‘माहिती’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. तिच्यात अभिलेख, ज्ञापने, आदेश, करार, अहवाल, नमुने आणि संगणकावरील नोंदी या सर्वांचा समावेश होतो, आणि अधिकारात प्रती मिळवण्याबरोबरच कागदपत्रांचे अवलोकन करणे, टिपणे घेणे आणि बांधकाम साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे याही गोष्टी येतात. मात्र ही माहिती कार्यालयाकडे मुळात अस्तित्वात असली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये, एखादी गोष्ट का केली वा का केली नाही याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे असे स्पष्ट केले, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांसंबंधीच्या प्रकरणात, दप्तरी नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही असा निर्वाळा दिला. त्यामुळे ‘आमच्या गल्लीतील रस्ता वर्षभरात का खचला?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर नाकारू शकतो; पण त्याच रस्त्याचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी दिलेले पत्र, झालेल्या कामाची मापे ज्यात अभियंता नोंदवतो ती मोजमाप पुस्तिका, अदा केलेली देयके, आणि ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचा जो दोष दायित्व कालावधी असतो त्याची करारातील अट, हे चार कागद मागितले तर त्याला ते द्यावे लागतात आणि ‘का’चे उत्तर बहुतेक वेळा त्यांतच सापडते. निर्णयाची कारणे ज्या कार्यालयीन टिप्पणीत लिहिलेली असतात ती टिप्पणीही नस्तीचाच, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलचाच, भाग असल्यामुळे तिचीही प्रत मागता येते.

कागदाचे नाव ठरल्यावर तो कोणाच्या ताब्यात आहे हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि मिरा-भाईंदरमध्ये तो विशेष गुंतागुंतीचा आहे. शहराचे पाणी प्रामुख्याने स्टेम प्राधिकरण आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून येते, पण ते घरोघर वाटण्याचे काम महानगरपालिका करते. दहिसरहून येणाऱ्या मेट्रोचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. रेल्वे स्थानके पश्चिम रेल्वेची. सातबारा उतारा महसूल खात्याचा, तर मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याची. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून शहराचा पोलीस बंदोबस्त मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहे. महानगरपालिकेच्या स्वतःच्या दप्तरात मुख्यतः बांधकाम परवानग्या, मालमत्ता कराच्या नोंदी, निविदा आणि ठेके, परवाने, अतिक्रमणांवरील कारवाईच्या नोटिसा, सभांची इतिवृत्ते आणि जमाखर्च हे कागद असतात. चुकीच्या दारी पडलेला अर्ज फेटाळून लावण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांच्या आत संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग करून अर्जदाराला तसे कळवावे लागते.

अर्जाची रीत साधी आहे. महाराष्ट्राच्या नियमांतील ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत अर्ज लिहून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला जातो किंवा तेवढी रक्कम रोख वा अन्य विहित मार्गाने भरली जाते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुराव्याची प्रत जोडल्यास हे शुल्क माफ असते, आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करण्याचीही सोय आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही आणि ते विचारण्याचा अधिकारही कार्यालयाला नाही. राज्याने जानेवारी २०१२ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपुरता असावा अशी अट आहे; तिच्यावर टीका झाली असली तरी नेमका कागद नेमक्या नावाने मागणाऱ्याला एवढी जागा बहुधा पुरते.

भाईंदर पश्चिमेला इंदिरा गांधी भवनात महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. अर्ज आवक-जावक शाखेत दाखल होऊन त्यावर क्रमांक व तारीख पडली की मुदत मोजली जाऊ लागते. तेथून तो त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो. हा स्वतंत्र खात्याचा अधिकारी नसून नगररचना, कर, पाणीपुरवठा, सार्वजनिक बांधकाम अशा एखाद्या विभागात आपले नेहमीचे काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर सोपवलेली ही अधिकची जबाबदारी असते. कागद दुसऱ्या शाखेत असेल तर तो त्या शाखेची मदत मागतो, आणि मदत मागितलेला अधिकारी कायद्याच्या दृष्टीने त्या अर्जापुरता स्वतःच माहिती अधिकारी ठरतो, त्यामुळे ‘ती शाखा कागद देत नाही’ ही सबब टिकत नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असून व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. प्रतींचा खर्च कळवणारे पत्र निघाल्यापासून अर्जदार पैसे भरेपर्यंतचे दिवस या मुदतीत धरले जात नाहीत. साध्या आकाराच्या पानाला दोन रुपये पडतात आणि अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असून पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये आकारले जातात. मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती फुकट द्यावी लागते.

या टप्प्यावर सारा भार अभिलेख कक्षावर येऊन पडतो. राज्यातील कार्यालयांत कागदांचे त्यांच्या महत्त्वानुसार वर्ग पाडले जातात आणि ‘अ’ वर्गातील अभिलेख कायम, ‘ब’ वर्गातील तीस वर्षे, तर त्याखालच्या वर्गांतील अभिलेख दहा वर्षे, पाच वर्षे वा त्याहून कमी काळ जपण्याची पद्धत आहे. नस्तीचा निकाल लागल्यावर तिचा वर्ग ठरवून, पाने क्रमांकित करून ती अभिलेख कक्षात जमा करणे हे कारकुनी काम वरवर क्षुल्लक वाटले तरी दहा वर्षांनी येणाऱ्या अर्जाचे उत्तर त्याच दिवशी लिहिले जात असते. मिरा-भाईंदरच्या बाबतीत या दप्तराला इतिहासाचे थर आहेत. मुळात ही खाडीकाठची, मिठागरांची आणि कोळीवाड्यांची गावे. त्यांतील ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली, नंतर हद्द वाढली आणि शेवटी महानगरपालिका आली. लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे शहरातील एखाद्या जुन्या इमारतीची परवानगी ग्रामपंचायतीच्या काळातील, वाढीव मजल्याची नगरपरिषदेच्या काळातील आणि कर आकारणी आजच्या महानगरपालिकेची असू शकते, आणि तिन्ही काळांतील कागद एकाच अभिलेखपालाकडे मागितले जातात.

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही. बिल्डरने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर मोफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीविना मालकी हस्तांतरित करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. त्या कामी मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या कागदांची गरज भासते, आणि ते सोसायटीला बिल्डरकडून मिळाले नसतील तर महानगरपालिकेच्या नगररचना विभागातील साक्षांकित प्रतींचाच आधार उरतो. अशा वेळी ‘नस्ती आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर शेकडो कुटुंबांचा पुनर्विकास अडून बसू शकतो. म्हणूनच ‘असा अभिलेख कधी तयारच झाला नाही’ आणि ‘अभिलेख होता, पण आता सापडत नाही’ या दोन उत्तरांत फरक करणे आवश्यक आहे. पहिले उत्तर कायद्यात बसते. दुसरे मात्र नकाराच्या कोणत्याही कायदेशीर कारणात बसत नाही, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणे वा हलवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

प्रत्येक कागद खुला असतो असेही नाही. अधिनियमाच्या कलम ८ मध्ये राष्ट्राची सुरक्षा, चालू तपास, व्यापारी गुपिते, वैयक्तिक माहिती अशी नकाराची कारणे दिलेली आहेत, आणि मागितलेली माहिती एखाद्या ठेकेदाराने वा मालमत्ताधारकाने गोपनीय म्हणून दिलेली असेल तर त्या ‘त्रयस्थ पक्षा’ला पाच दिवसांत कळवून दहा दिवसांत त्याचे म्हणणे मागवावे लागते. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत चित्र अलीकडे बदलले आहे: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्यापासून, सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी ही कलम ८(१)(ञ) मधील जुनी मर्यादा निघून गेली. तरीही गोपनीयतेने होणाऱ्या रक्षणापेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) कायम आहे, आणि कागदाचा काही भागच गोपनीय असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा असे कलम १० सांगते. नकार कोणताही असो, त्याची कारणे आणि अपील कोणाकडे करायचे हे उत्तरात लिहावेच लागते.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांत महानगरपालिकेतीलच वरिष्ठ असलेल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करता येते, आणि त्याने ते तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचे असते. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. ठाणे जिल्ह्यातील असल्यामुळे मिरा-भाईंदरची अपिले नवी मुंबईत बेलापूरच्या कोकण भवनातील कोकण खंडपीठापुढे चालतात. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दर दिवशी २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती लावू शकतो. परंतु शास्तीने अधिकारी वठणीवर आला तरी गहाळ झालेली नस्ती परत येत नाही, आणि अपिलाच्या या पायऱ्या चढण्यात जाणारा काळ अर्जदाराच्या पदरचा असतो.

म्हणून कायद्याचे सर्वांत मोलाचे कलम अर्ज आणि अपील यांच्याही आधी येते. कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचे आणि अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अंदाजपत्रक, दिलेले परवाने अशा सतरा बाबी कोणी न मागताच प्रसिद्ध करायच्या असतात. त्याला जोड म्हणून, पुणे महानगरपालिकेत आधीपासून चालत आलेल्या प्रथेच्या धर्तीवर, राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी निर्णय काढून जिल्हास्तरावरील व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे ठरवले. सोमवारी सुट्टी आल्यास पुढचा कामकाजाचा दिवस धरला जातो. जन्ममृत्यूच्या दाखल्यासारख्या नित्याच्या सेवांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ची वेगळी वाट आहेच. ज्याला एखाद्या रस्त्याच्या, नाल्याच्या किंवा आपल्या इमारतीच्या कागदांपर्यंत पोहोचायचे आहे त्याने अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एका सोमवारी संबंधित विभागात जाऊन नस्ती चाळावी, तिचा क्रमांक आणि हव्या असलेल्या पानांचे आकडे टिपून घ्यावेत. मग अर्जाला दीडशे शब्दही लागत नाहीत, आणि ‘नस्ती आढळून येत नाही’ असे उत्तर देणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे राहत नाही.