खाणीतून परतलेला कामगार आणि एचआयव्ही

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथे १८८६ साली सोन्याचा शोध लागला आणि त्यापाठोपाठ जोहान्सबर्ग शहर उभे राहिले. ते सोने भूगर्भातून काढण्यासाठी लागणारे मनुष्यबळ मात्र लेसोथो, मोझांबिक, मलावी, स्वाझीलँड (आजचे एस्वातिनी) अशा शेजारी देशांतून आणि दक्षिण आफ्रिकेच्याच ट्रान्सकायसारख्या ग्रामीण भागातून आणले जात असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, वीस लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या लेसोथोतील लाखावर पुरुष या खाणींत काम करीत होते. कोकणातील मनीऑर्डरीवर चालणारे संसार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अगदीच अपरिचित वाटणार नाही. फरक असा, की वर्णभेदाच्या राजवटीत या कामगारास कुटुंब सोबत आणण्यास कायद्यानेच मज्जाव होता. कंत्राटाची मुदत संपेपर्यंत केवळ पुरुषांच्या वसतिगृहात, एका खोलीत अनेकांनी राहावयाचे, ही तेथील रीत होती. एचआयव्हीचा प्रसार या व्यवस्थेत झपाट्याने झाला, यात नवल नाही.

आज हे कामगार गावी परतले आहेत. त्यांना 'निवृत्त' म्हणावयाचे ते सोयीसाठी; कित्येकांना कामगार-कपातीत काढून टाकण्यात आले, तर कित्येकांना आजारपणामुळे घरी यावे लागले. एड्सविषयक प्रचारमोहिमांचा रोख बहुधा तरुणांकडे राहिला, खाण कंपन्यांच्या योजना कामावरील माणसांपुरत्या राहिल्या आणि साठी ओलांडलेला हा माणूस दोहोंच्याही कक्षेबाहेर पडला.

तीन व्याधी, एक खोकला

खडक फोडताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. त्यावर रोग बरा करणारा उपचार नाही. खाण सोडल्यानंतरही तो वाढत राहतो, आणि क्षयरोगाचा धोका जन्मभर टिकून राहतो. एचआयव्हीमुळेही क्षयरोगाचा धोका वाढतो. हे दोन धोके एकत्र आले म्हणजे त्यांची केवळ बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे सोन्याच्या खाणींतील कामगारांच्या पाहणीतून २००० साली निदर्शनास आले.

खरी अडचण अशी, की या व्याधी एकमेकींना झाकून टाकतात. खोकला, वजन घटणे, रात्री घाम येणे, थकवा ही लक्षणे दिसली की घरचे म्हणतात, खाणीची धूळ. शेजारी म्हणतात, वय झाले. एचआयव्हीची तपासणी राहून जाते. उतारवयात उपचार उशिरा सुरू झाल्यास प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो. त्यामुळे माजी खाणकामगाराच्या छातीचे क्ष-किरण चित्र, थुंकीची तपासणी आणि त्याच्या संमतीने एचआयव्हीची चाचणी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी होणे अगत्याचे आहे.

चाचणीची धास्तीही निराधार नाही. १९८० च्या दशकात मलावीच्या कामगारांत एचआयव्ही आढळल्यावरून दोन्ही देशांत वाद झाला आणि १९८८ ते १९९२ या काळात सुमारे १३ हजार कामगारांची परत पाठवणी झाली. चाचणी म्हणजे रोजगार गमावणे, असा धडा त्या पिढीने घेतला. तो पुसून काढण्यास नुसती भित्तिपत्रके पुरणार नाहीत.

बोलावयाचे कोणी?

गावातील आरोग्यसेविका पुष्कळदा नातीच्या वयाची असते. आजोबांना शरीरसंबंधांविषयी विचारावे कसे, या संकोचात दोघेही गप्प बसतात. येथे माजी खाणकामगारांनीच आपल्या सोबत्यांशी बोलणे अधिक उपयुक्त ठरावे. वृद्धत्वात लैंगिक जीवन संपते ही समजूत मुळातच चुकीची आहे. कंडोम केवळ कुटुंबनियोजनासाठी असतो, तेव्हा पत्नीची पाळी गेल्यावर तो अनावश्यक, हाही असाच गैरसमज. वास्तविक, पाळी गेल्यानंतर योनीचे अस्तर पातळ होते व संसर्गाचा संभव वाढतो. लैंगिक दुर्बलतेचे मूळ कधी मधुमेहात, कधी रक्तदाबात असते. पण लाजेपोटी पुरुष दवाखान्याऐवजी जडीबुटीवाल्याकडे जातो.

पत्नीच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. क्वाझुलू-नाताळमधील स्थलांतरित व बिगर-स्थलांतरित जोडप्यांच्या पाहणीत, ज्या जोडप्यांत एकालाच लागण होती, त्यांपैकी सुमारे ३० टक्के जोडप्यांत ती पत्नीला होती, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षांच्या ताटातुटीचे परिणाम दोन्ही बाजूंना झाले, एवढाच त्याचा अर्थ. दोष कोणाचा हे शोधीत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून तपासणी करून घेणे शहाणपणाचे. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, ही गोष्ट अशा घरांत आवर्जून सांगितली पाहिजे.

म्हातारा कामगार आपण होऊन येतो असे एक दार मात्र आहे: नुकसानभरपाईचे. दक्षिण आफ्रिकेच्या १९७३ च्या कायद्याने माजी खाणकामगारास दर दोन वर्षांनी मोफत तपासणीचा हक्क दिला आहे. मृत्यूनंतरही, कुटुंबाच्या संमतीने, फुप्फुसांची तपासणी करून वारसांना भरपाई मागता येते. सिलिकोसिस व क्षयरोगग्रस्तांच्या दाव्यात २०१८ साली पाच अब्ज रँडची तडजोड झाली. २०१९ मध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि वाटपासाठी त्शियामिसो न्यास स्थापन झाला. म्थाथा व कार्लटनव्हिल येथे २०१४ साली माजी कामगारांसाठी एकत्रित सेवाकेंद्रे उघडण्यात आली. भरपाईच्या तपासणीस आलेल्या माणसाला तेथेच एचआयव्हीची चाचणी देऊ करावी. मात्र ती ऐच्छिक आहे आणि तिची नोंद वेगळी व गुप्त राहील, हे त्यास आधी सांगितले पाहिजे. लेसोथोच्या डोंगराळ मुलुखात दवाखाना गाठण्यास अनेकांना दीर्घ पायपीट करावी लागते. दम लागलेल्या माणसाला ती वाट वारंवार तुडविणे शक्य नसते. एका फेरीत तिन्ही तपासण्या व्हाव्यात, आणि साधेल तेथे पत्नीचीही त्याच दिवशी.